पाहायला मोकळे, बदलायला बंद: शिक्षकांच्या डिजिटल साहित्याची देवाणघेवाण

बडोद्यातील मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेला नदीच्या प्रदूषणावरचा पाठ चित्रांच्या साहाय्याने शिकवायचा होता. इंटरनेटवर शोधल्यावर त्यांना दोन चांगल्या गोष्टी सापडल्या. एक होती महाराष्ट्रातील कुणा शिक्षकाने केलेली मराठी चित्रफीत. तिची भाषा सुंदर होती, पण तिच्यात मुळा-मुठा होती आणि मधूनमधून महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकातील पानांचे उल्लेख होते. दुसरे होते गुजरातीतील एक सादरीकरण. ते नेमके आमच्या अभ्यासक्रमाप्रमाणे केलेले होते, त्यात बडोद्यातील विश्वामित्री नदीची छायाचित्रे होती, परंतु भाषा गुजराती होती आणि फाइल पीडीएफ होती. आमची मुले रस्त्यावर आणि मैदानात गुजराती सहज बोलतात, पण उत्तरपत्रिका त्यांना मराठीतच लिहायची असते. पहिल्या साहित्यातील आवाज आणि दुसऱ्यातील चित्रे एकत्र करता आली असती तर काम तासाभरात झाले असते. तशी सोय दोन्हींत नव्हती. बाईंनी तीन संध्याकाळी बसून सगळे पहिल्यापासून टंकले.

दोन्ही साहित्ये विनामूल्य होती, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. पैशांचा अडसर कुठेच नव्हता. अडसर होता तो हातात आलेली वस्तू आपल्या वर्गाला साजेशी करून घेण्याचा. डिजिटल शैक्षणिक साहित्याच्या देवाणघेवाणीविषयी बोलताना बहुतेक वेळा 'फुकट मिळते का' एवढाच प्रश्न विचारला जातो. बडोद्यासारख्या ठिकाणच्या मराठी शिक्षकाच्या दृष्टीने तो प्रश्न अपुरा आहे.

त्याचे कारण आमच्या परिस्थितीतच आहे. गुजरातमधील मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ छापते आणि ती गुजरातच्या अभ्यासक्रमाला धरून असतात, तर बालभारतीची पुस्तके महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाला धरून. भाषा एक आणि धड्यांचा क्रम, उदाहरणे व कधीकधी परिभाषाही वेगळी, अशी ही स्थिती आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली. ती चांगली की वाईट हा वेगळा विषय आहे, परंतु तेथील चित्रफीत येथील मुलाला दाखवताना शिक्षकाला दोन शब्द बदलावे लागतात, हे त्यातून कळते. मराठी माध्यमाचे वर्ग येथे मोजके असल्यामुळे केवळ त्यांच्यासाठी डिजिटल साहित्य तयार करणे कोणत्याही व्यावसायिक कंपनीला परवडण्यासारखे नाही. म्हणजे आमच्यापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दुसऱ्यांनी केलेले घ्यावे, आपल्याजोगे करावे आणि पुढच्या शिक्षकाला द्यावे. हा मार्ग कायदा, तंत्र आणि सवय या तिन्ही बाजूंनी मोकळा कसा ठेवायचा, ते आता पाहू.

'मुक्त' या शब्दाचा अर्थ

शिक्षणाच्या क्षेत्रात 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हा शब्दप्रयोग २००२ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोने भरवलेल्या बैठकीत रूढ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००१ मध्ये, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करण्याचा निर्णय जाहीर केला होता आणि त्यामुळे जगभरातील विद्यापीठांत या विषयाची चर्चा सुरू झाली होती. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावर सदस्य राष्ट्रांसाठी एक शिफारसपत्र संमत केले. त्यातील व्याख्येचे सार असे, की जे शिकण्या-शिकवण्याचे साहित्य प्रताधिकारातून (कॉपीराइटमधून) मुक्त झालेले आहे, किंवा ज्याच्या हक्कधारकाने ते कुणालाही विनामूल्य मिळवण्याची, पुन्हा वापरण्याची, वेगळ्या कामासाठी वळवून घेण्याची, त्यात फेरफार करण्याची आणि पुढे वाटण्याची परवानगी खुल्या परवान्याने दिलेली आहे, ते मुक्त साहित्य होय.

या व्याख्येतील प्रत्येक क्रियापद महत्त्वाचे आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी ती क्रियापदे पाच हक्कांच्या रूपात मांडली आहेत: प्रत स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, ती वापरण्याचा हक्क, तिच्यात बदल करण्याचा हक्क, दुसऱ्या साहित्यात ती मिसळण्याचा हक्क आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना वाटण्याचा हक्क. त्यांपैकी वापरण्याचा हक्क आपल्याला बहुधा सर्वत्र मिळतो. बाकीच्या चारांचे काय, हे तपासण्याची सवय मात्र आपल्याला नाही.

प्रत जवळ ठेवण्याचा हक्क वायली यांनी आपल्या यादीत मागाहून घातला. वरवर पाहता तो इतका साधा वाटतो की त्याचा वेगळा उल्लेख कशाला करावा, असे कुणी विचारील. पण आपल्या वहीत जपून ठेवलेल्या दुव्यांपैकी कितीतरी दुवे दोन-तीन वर्षांनी उघडतच नाहीत, हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही? संकेतस्थळ बंद पडते, वाहिनी काढून टाकली जाते, संस्थेची व्यवस्था बदलते, आणि वर्षभराच्या नियोजनात धरलेला पाठ ऐन वेळी हातातून निसटतो. दुवा हा दुसऱ्याच्या कपाटाचा पत्ता असतो. पुस्तक आपल्या कपाटात यायचे असेल तर प्रत उतरवून घेण्याची परवानगी हवी. यूट्यूबवरील बहुसंख्य चित्रफिती पाहता येतात, पण त्या उतरवून घेण्याची, कापण्याची किंवा त्यांवर आपला आवाज चढवण्याची परवानगी त्यांच्या नेहमीच्या अटींत नसते. चित्रफीत चढवणाऱ्याला तेथे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' हा तयार खुला परवाना निवडता येतो, पण तो पर्याय मुद्दाम निवडावा लागतो आणि फार थोडे शिक्षक तो निवडतात.

सरकारी साहित्याविषयीही असाच एक गैरसमज आहे. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, ही उत्तम सोय आहे, परंतु त्यांचे हक्क राखून ठेवलेले आहेत आणि परवानगीशिवाय ती पुन्हा प्रकाशित करता येत नाहीत. विनामूल्य आणि मुक्त यांतील अंतर समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

कायदा काय सांगतो

प्रताधिकार, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात कॉपीराइट म्हणतो तो, मिळवण्यासाठी कोठे अर्ज करावा लागत नाही. चित्र काढले, मजकूर लिहिला, आवाज ध्वनिमुद्रित केला, की त्या क्षणी तो निर्माण होतो. नोंदणीची सोय आहे, पण ती सक्तीची नाही. त्यामुळे ज्या चित्राखाली काहीच लिहिलेले नाही ते कुणीही घ्यावे, ही समजूत चुकीची आहे. काहीच लिहिलेले नसेल तर सर्व हक्क राखून ठेवले आहेत असेच धरायचे.

भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे साहित्यकृतीवरील प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजली जातात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांचे झाले. त्यांच्या गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करणे, त्यांवर चित्रमालिका तयार करणे, त्या सोप्या करून तिसरीच्या मुलांना देणे, यांसाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. मराठी शिक्षकांच्या हाती असलेला हा मोठा ठेवा आहे आणि आपण त्याचा उपयोग फारच कमी करतो. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी. मूळ मजकूर मुक्त असला तरी अलीकडच्या आवृत्तीतील चित्रे, प्रस्तावना आणि टिपा मुक्त असतीलच असे नाही.

शिक्षकांसाठी याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महत्त्वाची सवलत आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत काढली तर तो प्रताधिकाराचा भंग ठरत नाही, आणि प्रश्नपत्रिकेत उतारा देण्याचीही मुभा आहे. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध काही मोठ्या प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. शिकवण्याचा ओघ म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यानाची घटका नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. तेव्हा आपल्या वर्गापुरती एखाद्या उताऱ्याची प्रत काढताना भिण्याचे कारण नाही.

पण खरी अडचण येथूनच पुढे सुरू होते. ही सवलत शिकवण्यापुरती आहे. वर्गात दाखवण्यासाठी तयार केलेल्या सादरीकरणात मी एखाद्या पुस्तकातील आकृती घातली, तर ती गोष्ट त्या सवलतीत बसते. तेच सादरीकरण मी सुरत, नवसारी आणि अहमदाबादच्या शिक्षकांसाठी इंटरनेटवर ठेवले, तर मी शिकवत नाही, प्रकाशित करतो आहे, आणि मग ती सवलत मला पुरेलच असे म्हणता येत नाही. अनेक प्रामाणिक शिक्षक आपले चांगले साहित्य बाहेर देत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे: त्यांनी वर्गासाठी म्हणून जिथून तिथून घेतलेली चित्रे त्यात इतकी मिसळलेली असतात की आता ती कुठली होती हे त्यांनाही आठवत नाही. पुढे वाटायचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून मुक्त चित्रेच घ्यावीत किंवा स्वतः काढावीत. भ्रमणध्वनीने स्वतः टिपलेले येथील सुरसागर तलावाचे साधे छायाचित्र उसन्या सुंदर चित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण ते देता येते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना क्वचितच माहीत असते. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्कधारक, तसा वेगळा करार नसेल तर, सामान्यतः नोकरी देणारा असतो. म्हणून शाळेच्या कामासाठी तयार केलेले साहित्य खुल्या परवान्याने देण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून किंवा संस्थेकडून दोन ओळींची लेखी संमती घेऊन ठेवावी. ती मागितल्यावर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

परवाना निवडताना

'माझे साहित्य कुणीही वापरा' असे प्रेमाने लिहिणारे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण वापरा म्हणजे बदला का, भाषांतर करा का, छापून विका का, हे त्या वाक्यातून कळत नाही. ही संदिग्धता दूर करण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये तयार परवाने उपलब्ध करून दिले. आज त्या मालिकेत सहा परवाने आहेत. त्या सर्वांत मूळ कर्त्याचे श्रेय देणे आवश्यक असते, आणि त्यापुढे तीन अटी वेगवेगळ्या प्रकारे जोडलेल्या असतात. बदललेले साहित्यही त्याच परवान्याने द्यावे, ही एक अट. व्यापारी उपयोग करू नये, ही दुसरी. आणि बदललेली प्रत वाटू नये, ही तिसरी.

तिसऱ्या अटीविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. भाषांतर हाही कायद्याच्या दृष्टीने बदलच असतो. म्हणून 'बदल नको' असा परवाना लावलेले गुजराती सादरीकरण मराठीत करून वाटणे बडोद्याच्या शिक्षकाला शक्य नाही. आपले काम कुणी बिघडवू नये, अशी शिक्षकाची इच्छा असते आणि ती मी समजू शकतो. परंतु त्या एका अटीमुळे साहित्याची उपयुक्तता त्याच्या मूळ भाषेच्या आणि मूळ पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत कायमची अडकून पडते. बिघडवण्याची भीती वाटत असेल तर त्यावर परवान्यातच उपाय आहे: बदल करणाऱ्याने आपण बदल केल्याचे नमूद करणे बंधनकारक असते, त्यामुळे त्याची चूक मूळ कर्त्याच्या नावावर जात नाही.

व्यापारी उपयोगास मनाई करणारी अट शिक्षकांना सर्वांत आवडते, कारण आपल्या मेहनतीवर एखादा खाजगी क्लास पैसे मिळवील ही शंका प्रत्येकाच्या मनात असते. पण ही अट लावल्याने कोणकोणते उपयोग बंद होतात, याची रेषा धूसर आहे. शुल्क घेणाऱ्या शाळेने वापरले तर काय, छपाईचा खर्च वसूल करून पुस्तिका वाटली तर काय, अशा शंका निघत राहतात आणि शंका आली की सज्जन माणूस वापरायचेच टाळतो. माझा सल्ला पहिल्या अटीचा, म्हणजे 'समान परवाना' या अटीचा आहे. त्यात क्लासवाल्यांना वापरता येते हे खरे, परंतु त्यांनी सुधारणा करून जे पुढे दिले असेल तेही सर्वांसाठी तितकेच खुले ठेवावे लागते. घेणाऱ्याने घेतलेल्यात भर घालून परत द्यावे, हा व्यवहार शिक्षकी पेशाला शोभणारा आहे.

परवाने मिसळण्याची मात्र एक अडचण आहे. समान परवान्याची अट असलेले एक साहित्य आणि समान परवाना व व्यापारी मनाई या दोन्ही अटी असलेले दुसरे साहित्य, या दोहोंतील अंश वितळवून एकच नवी कृती तयार करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपलीच अट पुढे लागू करायला सांगतात आणि त्या दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. ती साहित्ये एकाच संग्रहात शेजारीशेजारी, आपापल्या परवान्यासह ठेवता येतात. आणखी एक लक्षात ठेवावे: एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. पुढे आपण फाइल काढून टाकली तरी ज्यांनी ती आधीच घेतली आहे त्यांचा हक्क कायम राहतो. म्हणून दोन दिवस विचार करून द्यावा, आणि मग मोकळ्या मनाने द्यावा.

श्रेय देताना साहित्याचे शीर्षक, कर्त्याचे नाव, ते जेथून घेतले तो पत्ता, परवान्याचे नाव आणि आपण केलेला बदल, एवढे लिहिले की पुरते.

जितके नेमके, तितके अडलेले

आता या विषयातील सर्वांत विचार करण्यासारख्या मुद्द्याकडे येतो. १९९० च्या दशकात संगणकावर शिकवण्याची पद्धत रुजू लागली तेव्हा अनेकांना असे वाटले की शिक्षणाचे छोटे-छोटे सुटे भाग तयार करावेत, म्हणजे विटा रचाव्यात तसे ते जोडून हवा तो पाठ उभा करता येईल. कल्पना आकर्षक होती. पण डेव्हिड वायली यांनीच तिच्यातील एक गाठ दाखवून दिली. साहित्यात संदर्भ जितका भरगच्च, तितके ते मुलाला अधिक शिकवते, आणि तितकेच ते दुसऱ्या ठिकाणी वापरणे कठीण होते. उलट संदर्भ काढून टाकला की ते कुठेही बसते, पण कुठेच फारसे शिकवत नाही.

आमच्या नदीच्या पाठाचेच पाहा. 'नदी ही जीवनदायिनी आहे, तिच्यात सांडपाणी सोडू नये' हे वाक्य भारतातील कोणत्याही वर्गात चालेल आणि कोणत्याही वर्गातील मूल ते ऐकून जांभई देईल. त्याऐवजी 'आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि पावसाळ्यात पाणी वाढले की त्या कधीकधी वस्तीत येतात. मग सांडपाणी मिसळलेल्या या पाण्यात मगर कशी जगते आणि मासे का मरतात?' असे विचारले, तर बडोद्याचे प्रत्येक मूल हात वर करते. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी असणे ही आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातील गोष्ट आहे. पण हाच पाठ इंदुरात नेला की मगर गळून पडते आणि तेथे कान्ह नदी आणावी लागते. म्हणजे चांगल्या पाठाचे चांगलेपण ज्या ठिकाणी असते, तेच ठिकाण प्रवासात अडते.

यावर सर्वांना चालेल असा बेचव पाठ करणे हा उपाय नव्हे. पाठ पूर्ण चवीचा करावा, आणि पुढच्या शिक्षकाला मगर काढून आपल्या नदीचा प्राणी घालता येईल अशा रीतीने तो द्यावा. बदलण्याचा हक्क असेल तर संदर्भ हा अडथळा राहत नाही. वायली यांच्या विचाराचाही रोख याच दिशेने आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा येथेच आहे. परवाना, फाइलचा प्रकार, नोंदी या सर्वांची खटपट आपण करायची ती या एका शक्यतेसाठी.

भाषांतर करताना परिभाषेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. गुजराती आणि मराठी या इतक्या जवळच्या भाषा आहेत की शब्द तसाच उचलण्याचा मोह होतो. गुजराती पुस्तकातील 'दबाण' मराठीत 'दाब' होतो, 'खूणो' हा 'कोन' होतो, विजेच्या धड्यातील 'अवरोध' मराठीत 'रोध' होतो. यंत्राने केलेल्या भाषांतरात अशा जागा नेमक्या निसटतात. बडोदे संस्थानाने प्रशासनात लागणाऱ्या शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध केला होता, त्यात मराठी आणि गुजराती शेजारीशेजारी होत्या. शालेय परिभाषेची तशी एक दुभाषी यादी आज येथील शिक्षकांनी मिळून केली, तर प्रत्येकाला तेच शब्द पुन्हा शोधावे लागणार नाहीत.

फाइल देण्याची रीत

कायद्याने हक्क दिला आणि फाइलने तो हिरावून घेतला, असे वारंवार घडते. पीडीएफ छापण्यासाठी उत्तम असते, पण तिच्यात बदल करणे त्रासाचे असते. म्हणून पीडीएफबरोबर मूळ संपादनयोग्य फाइलही द्यावी. चित्रावर शब्द कायमचे कोरू नयेत. नदीच्या आकृतीवर 'सांडपाणी' हा शब्द चित्राचाच भाग झाला असेल तर तो बदलण्यासाठी चित्र पुन्हा काढावे लागते. तोच शब्द वेगळ्या चौकटीत ठेवला असेल तर एका मिनिटात बदलतो. ध्वनी आणि दृश्य शक्यतो वेगळे ठेवावेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाच्या पडद्यावरील दृश्य तेच राहते आणि लेखी संहिता भाषांतरित करून मराठी, गुजराती व इतर भाषांत आवाज चढवला जातो. एका कामातून अनेक भाषांतील कामे कशी निघतात, हे त्यात स्वच्छ दिसते.

मराठीपुढे फॉन्टचा एक खास प्रश्न आहे. युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची समान संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ दिसते, कारण त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. माझ्या स्वतःच्या जुन्या प्रश्नसंचांपैकी बरेचसे अशाच फॉन्टांत होते आणि तो फॉन्ट असलेला संगणक गेला तेव्हा ते असून नसल्यासारखे झाले. काही मी रूपांतरकाच्या साहाय्याने वाचवले, पण जोडाक्षरे आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांतील अर्धा र हाताने दुरुस्त करावा लागला. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, शोधता येतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्याचा संगणक तो वाचून दाखवू शकतो. छायाचित्र काढून पाठवलेल्या पानातून त्या विद्यार्थ्याला काहीही मिळत नाही.

विद्यार्थ्यांचे चेहरे, नावे आणि गुण दिसतील असे काहीही वाटण्याच्या फाइलमध्ये ठेवू नये. एवढे सांगून पुढे जातो.

राहिला प्रश्न सापडण्याचा. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम-२' अशा नावांच्या फाइली आपल्या प्रत्येकाच्या संगणकात असतात आणि सहा महिन्यांनी त्या आपल्यालाच उमगत नाहीत, तर परक्याला कशा उमगणार? या बाबतीत आमच्या शहराचा इतिहास बोलका आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. पण शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर तो शिकलेले विसरतो, हे ओळखून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले आणि त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले. पुस्तके संस्थानाकडे आधीही होती. बोर्डन यांनी येथे वर्गीकरणाची पद्धत तयार केली आणि ग्रंथपालांना प्रशिक्षण दिले. खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या त्या व्यवस्थेमुळे चालल्या. कोणत्या पेटीत काय आहे, ती कुठे गेली आहे आणि कधी परतणार, हे लिहिलेले नसते तर पुस्तके गावोगाव हरवली असती.

डिजिटल साहित्याला हीच शिस्त लागते. इयत्ता, विषय, पाठ, माध्यम, कोणत्या राज्याचा अभ्यासक्रम, कर्ता, दिनांक आणि परवाना, एवढ्या नोंदी फाइलच्या पहिल्या पानावर असल्या तरी पुष्कळ झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन गावी ग्रंथालय आणि संगणक क्षेत्रांतील जाणकारांनी इंटरनेटवरील साहित्याच्या वर्णनाची एक सोपी चौकट ठरवायला घेतली. डब्लिन कोअर या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि तिचा पंधरा घटकांचा संच आजही जगभर वापरला जातो. शिक्षकाला ती पाठ करण्याची गरज नाही. आपण न भेटलेला माणूस हे शोधताना कोणता शब्द लिहील, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला की बहुतेक नोंदी आपोआप सुचतात.

साहित्य कोठे शोधावे आणि ठेवावे, याची उत्तरेही आता आहेत. एनसीईआरटीने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले आणि त्याचे धोरण समान परवान्याचे आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचावर राज्यांचे साहित्य भाषेनुसार व इयत्तेनुसार मिळते आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडने ते उघडते, मात्र प्रत्येक साहित्याखालचा परवाना वाचल्याशिवाय त्यात फेरफार करू नये. लहान मुलांच्या वाचनासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचे स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तेथील चित्रमय गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, केवळ श्रेय देण्याच्या अटीवर त्या वापरता व बदलता येतात, आणि भाषांतर करण्याची सोय त्याच जागी आहे. गुजरातीत असलेली पण मराठीत नसलेली गोष्ट निवडून ती मराठीत आणणे, हे सुट्टीतील एका दुपारचे काम आहे.

हे सर्व माहीत असूनही शिक्षक देताना कचरतात. चूक निघेल, लोक हसतील, दुसरा आपले नाव काढून टाकील, या भीती खऱ्या आहेत. पण अपुरी फाइल मिळाली तरी पुढच्या शिक्षकाची दोन संध्याकाळची मेहनत वाचते, आणि चूक निघाली तर ती दुरुस्त होऊन परत येते.

ज्या बाईंची हकिगत सुरुवातीला सांगितली, त्यांनी त्या तीन संध्याकाळच्या कामातील उसनी दोन चित्रे काढून स्वतः टिपलेली छायाचित्रे घातली, शब्द चित्रांपासून वेगळे केले, मुख्याध्यापकांची संमती घेतली आणि पहिल्या पानावर समान परवान्याची ओळ लिहून मूळ फाइल दिली. काही महिन्यांनी सुरतच्या एका मराठी शाळेतून ती परत आली. विश्वामित्रीच्या जागी तापी होती, मगरीचे पान गाळून कापडावरील रंगाच्या पाण्याचे पान घातले होते, दोन ठिकाणचे शुद्धलेखन सुधारले होते, आणि पहिल्या पानावर बाईंच्या नावाखाली आणखी एका शिक्षकाचे नाव होते. रंगाच्या पाण्याचे ते पान बाईंनी आपल्या प्रतीतही घेतले आहे, आणि या वर्षी पाचवीचा वर्ग त्याच प्रतीवरून शिकला.